पडद्यावरचे शार्क आणि घड्याळ

नाशिकच्या एका शाळेत सातवीच्या वर्गाला पडद्यावर शार्क मासे दाखवण्यात येत होते. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयाने आपल्या टाकीसमोर लावलेल्या कॅमेऱ्याचे ते चित्रण. वेळ दुपारी बाराची. ‘हे या क्षणी तिथे घडत आहे,’ असे गुरुजींनी सांगताच एका मुलीने विचारले, ‘सर, तिथे आता रात्र असेल ना? मग एवढा उजेड कसा?’

प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, आणि मला वाटते तासाचे खरे मोल तिथेच हरवले. नाशिकला दुपारचे बारा वाजतात तेव्हा मॉन्टेरेला आदल्या रात्रीचे साडेदहा किंवा (त्यांच्या उन्हाळी वेळेनुसार) साडेअकरा वाजलेले असतात. तेथील प्रक्षेपण दिवसाच थेट असते. एरवी आधी टिपलेले चित्रण दाखवतात. म्हणजे आपल्या शाळेच्या वेळेत ‘थेट’ शार्क दिसणे कठीणच. पृथ्वीगोल आणि विजेरी घेऊन हे पाच मिनिटांत दाखवता आले असते.

पण म्हणून हा कॅमेरा टाकाऊ ठरत नाही. १९५१ साली मुंबईत सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय २०२० च्या साथीत बंद झाले. सहलीला जाऊन मासे पाहण्याची ती सोयही गेली. शिवाय या चित्रणात निवेदन नाही, धडकी भरवणारे संगीत नाही. बराच वेळ काहीच घडत नाही. मुले कंटाळतात, आणि मग पाहू लागतात. ठिपक्यांचा लेपर्ड शार्क तळाशी निवांत पडलेला दिसला, तर ‘शार्क थांबला की मरतो’ हा समज आपोआप गळून पडतो. हा मासा तोंडाने पाणी आत ओढून कल्ल्यांवरून सोडू शकतो. सेव्हनगिल शार्कच्या पाठीवर एकच पर असतो आणि कल्ल्यांच्या फटी प्रत्येक बाजूस ७. बहुतेक शार्कना त्या ५ असतात.

माझा खरा आक्षेप ‘समुद्राची खिडकी’ या कौतुकावर आहे. ही खिडकी टाकीची आहे. शार्क सारखे वळताना दिसतात, कारण पुढे भिंत असते. याच मत्स्यालयात २००४ साली दुसऱ्या एका टाकीत पांढऱ्या शार्कचे एक पिल्लू १९८ दिवस ठेवले होते. त्याने टाकीतले दोन शार्क मारले, आणि २००५ मध्ये त्याला समुद्रात सोडावे लागले. पडद्यावरच्या संथ फेऱ्यांवरून शार्कच्या स्वभावाचा निष्कर्ष काढणे म्हणजे पिंजऱ्यातल्या येरझाऱ्यांवरून वाघाचे रान ठरवणे.

बाजारात अख्खी मुशी मिळाली, तर ती आधी वर्गात आणावी. तीही शार्कच. मुलांना तिच्या फटी बोट लावून मोजू द्याव्यात, आणि मग पडदा लावावा. भिंतीवर दोन घड्याळे असावीत: एक नाशिकचे, एक मॉन्टेरेचे.