भूक लागणे आणि जेवणे : 'द सिम्स'विषयीच्या मतांचे परीक्षण

संगणकावरील खेळ हा भाषाभ्यासकाचा विषय नव्हे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. परंतु खेळणारे ज्याविषयी पंचवीस वर्षे वाद घालीत आले आहेत, त्या खेळाविषयीच्या मतांची भाषा तरी आपल्या कक्षेत येतेच. विल राइट यांनी रचलेला 'द सिम्स' हा खेळ फेब्रुवारी २००० मध्ये प्रसिद्ध झाला. २०२५ च्या आरंभी तो पुन्हा उपलब्ध करून देण्यात आला, तेव्हा जुना वादही जागा झाला.

खेळाचे स्वरूप साधे आहे. एक कुटुंब आणि वीस हजार 'सिमोलियन' एवढी रक्कम हाती घेऊन खेळणाऱ्याने घर बांधावयाचे, माणसांना नोकरीस लावावयाचे आणि त्यांचा दिवस पार पाडावयाचा. प्रत्येक माणसास आठ गरजा आहेत : भूक, आराम, स्वच्छता, देहधर्म, झोप, करमणूक, सहवास आणि नीटनेटका परिसर.

मते मुख्यतः दोन. पहिले असे की, सारा दिवस स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि बिछाना यांतच संपतो. माणूस काही 'करीत' नाही. २००४ मधील दुसऱ्या खेळात माणसे वयाने वाढू लागली, त्यांना आकांक्षा आल्या. त्या मानाने पहिला खेळ रूक्ष होय. दुसरे मत याच्या उलट : पहिला खेळ कठोर होता, म्हणूनच तो खरा होता.

प्रस्तुत लेखकास दोन्ही मते अपुरी वाटतात. मराठी वाक्यरचनेकडे पाहिले असता याचे कारण ध्यानात येते. 'मी जेवलो' या वाक्यात 'मी' कर्ता आहे. 'मला भूक लागली', 'मला झोप येते', 'मला करमत नाही' या वाक्यांत मात्र तो चतुर्थीत जातो; भूक बाहेरून यावी तशी येते आणि माणूस ती केवळ भोगतो. या खेळाची घडणही नेमकी अशीच आहे. आपण कोणती गरज किती भागवू, हे तेथील शीतपेटी, पलंग, दूरदर्शनसंच या वस्तूच सभोवतीच्या माणसांना कळवितात, आणि मोकळा सोडलेला माणूस त्यांतील प्रबळ हाकेकडे वळतो. 'माणूस काही करीत नाही' ही तक्रार म्हणजे खेळाचा दोष नसून त्याचे अचूक वर्णन होय.

भातुकलीशी तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होईल. भातुकलीत 'रात्र झाली' असे म्हटले की रात्र होते, आणि लगेच सकाळही होते. तेथे कोणासही खरी भूक लागत नाही; सर्वजण कर्तेच असतात. 'द सिम्स'मध्ये घड्याळ खेळणाऱ्याच्या शब्दाने पुढे जात नाही आणि भूक खोटी मानता येत नाही. उपासमारीने तेथे मृत्यू येतो.

मग कठोरतेचे पुरस्कर्ते बरोबर ठरतात काय? तसेही म्हणता येत नाही. भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीच्या दिवसांत जी बाई बांधीवर जाण्यापूर्वी स्वयंपाक उरकते आणि परतल्यावर पुन्हा चुलीपुढे बसते, तिला दिवस कामात संपतो यात नवल ते काय वाटावे? ज्यांच्या भुकेची काळजी आजवर दुसऱ्या कोणी वाहिली, त्यांनाच हा खेळ कठोर वाटतो. त्यांना प्रथमच 'जेवणे' सोडून 'जेवू घालणे' हे प्रयोजक क्रियापद चालवावे लागते.

खेळाची खरी उणीव अन्यत्र आहे. तेथे नाते म्हणजे उणे शंभर ते शंभर यांमधील एक आकडा. सासू, नणंद, जाऊ, आत्या यांतील भेद त्या आकड्यात मावत नाही. कोणी कोणास जेवू घालावयाचे, हे मात्र आपल्या घरांत याच भेदांवर ठरत आले आहे. सुदैवाने तेथील पात्रे 'सिम्लिश' नावाची निरर्थक बोली बोलतात. त्यामुळे ही रिकामी जागा खेळणारा स्वभाषेने भरू शकतो.

म्हणूनच यापुढे या खेळावरील मत ऐकताना अभ्यासकांनी एवढेच पाहावे : खेळणारा 'ती उपाशी राहिली' असे म्हणतो, की 'मी तिला उपाशी ठेवले' असे म्हणतो. पहिल्या वाक्यात केवळ गाऱ्हाणे आहे. दुसऱ्यात जबाबदारीची जाणीव आहे, आणि ती ज्या खेळाने उत्पन्न केली, त्यास रूक्ष म्हणणे न्याय्य नव्हे.