खांडेकरांच्या मौनाचा कालनिर्णय

कै. वि. स. खांडेकर यांची 'क्रौंचवध' ही कादंबरी १९४२ सालीं प्रसिद्ध झाली. तीनंतरची 'अश्रू' १९५४ सालीं आली. तत्पूर्वीं ज्या लेखकाच्या एकाच सालीं दोन दोन कादंबऱ्या निघत, त्याच्या बाबतींत हें अंतर लहान नाहीं. कोल्हापुरास आल्यावर खांडेकर चित्रपटाच्या नादीं लागले व त्यांतली कमाई कादंबरीस भोंवली, असा तर्क अशा वेळीं सहज सुचतो. सहज सुचणारा तर्क इतिहासाच्या अभ्यासकानें आधीं कालानुक्रमावर घांसून पाहावा, हा या शास्त्राचा पहिला दंडक आहे. राजवंशांच्या शकावळ्यांस आपण जो न्याय लावतों तोच कादंबरीकाराच्या शकावळीस कां लावूं नये?

प्रथम स्थूल घटना मांडूं. खांडेकरांचा जन्म १८९८ सालीं सांगलीस झाला. १९२० पासून १९३८ पर्यंत, म्हणजे अठरा वर्षें, ते शिरोडें येथें शाळामास्तर होते. मिठाच्या सत्याग्रहानें शिरोड्याचें नांव ज्या १९३० सालीं सर्वत्र झालें, त्याच सालीं त्यांची पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' बाहेर पडली. म्हणजे कादंबरीकार म्हणून त्यांचा आरंभ बत्तिसाव्या वर्षीं, एका खेड्यांतील शाळेचा भार वाहत असतांना झाला. 'उल्का' व 'दोन ध्रुव' या १९३४ सालच्या कादंबऱ्याहि तेथल्याच. १९३८ मध्यें त्यांनीं शाळा सोडून कोल्हापूर गांठलें.

कोल्हापूरच कां, याचें उत्तर या शहराच्या उद्योगांत आहे. बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी येथलीच. १९२९ सालीं प्रभातचा जन्म येथेंच झाला आणि 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ मध्यें येथेंच तयार झाला. मूकपटास कथा लागे, पण संवाद लागत नसत. पडदा बोलूं लागल्याबरोबर भाषा जाणणारा माणूस कारखान्याची गरज होऊन बसला. १९३३ सालीं प्रभात पुण्यास गेली, तरी मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर व पांडुरंग नाईक यांनीं १९३६ सालीं येथें हंस पिक्चर्स काढली आणि तिच्या 'छाया' या बोलपटाची कथा खांडेकरांनीं लिहिली. पुढें 'ज्वाला' (१९३८), 'देवता' (१९३९) व 'अमृत' (१९४१) झाले. मराठी कथालेखकास मासिकाचा संपादक व पुस्तकाचा प्रकाशक यांखेरीज तिसरा आश्रयदाता याप्रमाणें प्रथमच मिळाला.

आतां दोन्ही शकावळ्या शेजारीं ठेवाव्या. चित्रपटांचीं वर्षें १९३६ ते १९४१. याच अवधींत आणि त्याच्या लगत 'हिरवा चाफा' व 'दोन मने' (१९३८), 'रिकामा देव्हारा' (१९३९), 'पहिले प्रेम' (१९४०) आणि 'क्रौंचवध' (१९४२) या कादंबऱ्या आल्या. याशिवाय १९४१ सालीं सोलापूरच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें तें निराळेंच. जो काळ कादंबरीच्या ऱ्हासाचा म्हणावयाचा, तोच तिच्या भराचा ठरतो. चित्रपटाचें काम १९४३ च्या 'माझे बाळ'पर्यंत तरी चालूं होतें हें खरें. परंतु पांच-सहा वर्षें ज्या कामानें कादंबरी रोखली नाहीं, त्यानेंच ती एकाएकीं बारा वर्षें रोखली असें म्हणण्यास अधिक बळकट पुरावा पाहिजे.

शैलीसंबंधींचा आरोपहि असाच तपासावा. खांडेकरांचीं पात्रें बोलत नाहींत, व्याख्यानें देतात. त्यांचें प्रत्येक वाक्य उपमेचें फूल खोंवून बाहेर पडतें, हा आक्षेप आम्हांस बहुतांशीं मान्य आहे. मात्र हा दोष चित्रपटाच्या संवादांतून कादंबरींत उतरला असें म्हणतां येत नाहीं. 'उल्का' ही 'छाये'च्या दोन वर्षें आधींची, आणि अलंकारांचा सोस तींत पुरेपूर आहे. हा दोष शाळेच्या वर्गांतला आहे: समोर मुलें बसलीं आहेत, त्यांच्या मनावर कांहीं ठसवावयाचें आहे, अशा माणसाची ती भाषा आहे. तिचा गुणहि तेथलाच. ती कोणास तुच्छ लेखून बोलत नाहीं.

याच शहरीं त्याच वेळीं दुसरे एक कादंबरीकार नांदत होते. प्रा. ना. सी. फडके १९२६ पासून १९४९ पर्यंत राजाराम कॉलेजांत अध्यापक होते. 'प्रतिभासाधन' हा कथालेखनाच्या तंत्रावरील त्यांचा ग्रंथ १९३१ चा. रत्नागिरीच्या १९४० च्या संमेलनाचे अध्यक्ष ते. म्हणजे लागोपाठच्या दोन संमेलनांस अध्यक्ष पुरविण्याचा मान या एका गांवास मिळाला. 'कलेसाठीं कला' आणि 'जीवनासाठीं कला' या वादांत या दोघांचीं नांवें एकमेकांसमोर उभीं करण्याचा प्रघात आहे. दरमहा ठरलेला पगार देणाऱ्या दरबारी कॉलेजांतील प्राध्यापकानें कलेचें स्वातंत्र्य सांगावें आणि खेड्यांतील मास्तरानें जीवनाचें ऋण सांगावें, यांत नवल काय, असें कोणी म्हणेल. या म्हणण्यांत तथ्य आहे, पण तें अर्धेंच. तसें असतें तर कारखान्याचा पैसा मिळूं लागल्यावर खांडेकरांचें मत पालटावयास हवें होतें. तें पालटलें नाहीं. उपजीविकेवरून लेखकास वेळ किती मिळाला हें सांगतां येतें. त्या वेळांत त्यानें काय मानलें हें सांगतां येत नाहीं.

मग त्या मौनाचें कारण काय? प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं तें मौन कादंबरीपुरतें होतें. 'कलिका'सारख्या रूपककथा आणि खलिल जिब्रानच्या कथांचे मराठी अवतार हे याच काळांतले. लेखणी थांबली नव्हती, पट आंखुडला होता. 'क्रौंचवधा'पर्यंत त्यांच्या कादंबरीचा आधार ध्येयासाठीं सर्वस्व होमणारा तरुण हा होता. १९४२ पासून १९४८ पर्यंतच्या घडामोडींनीं त्या तरुणाखालची भूमीच हालविली. गांधीजींच्या वधानंतर उसळलेल्या जाळपोळींत याच कोल्हापुरांत भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ भस्म झाला. पुढील वर्षीं संस्थानच विलीन झालें. जुन्या नायकास घेऊन लांबलचक कथा सांगणें अशा वेळीं प्रामाणिक लेखकास जड जावें, हें आमचें अनुमान आहे. त्यास एक आधार असा कीं, मौन सोडल्यावर ते क्रांतिकारकाकडे वळले नाहींत, शाळामास्तराकडे वळले. 'अश्रू'चा नायक एक गरीब शिक्षक आहे. पुढें 'ययाति' (१९५९) मध्यें तर उपदेशकाचें आसनच त्यांनीं सोडलें: ययाति, देवयानी व शर्मिष्ठा आपापली बाजू स्वमुखें सांगतात आणि निवाडा वाचकावर येऊन पडतो. १९६० चें साहित्य अकादमीचें पारितोषिक व १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार — मराठीस मिळालेला पहिला — यांहून हा बदल आम्हांस अधिक मोलाचा वाटतो.

अखेरच्या वर्षांत त्यांची दृष्टि गेली; तरी लेखनिकाच्या साह्यानें काम चालूं राहिलें. १९७६ सालीं ते निवर्तले आणि 'एका पानाची कहाणी' हें आत्मचरित्र मागाहून छापलें गेलें. शिवाजी विद्यापीठानें त्यांचें स्मृतिसंग्रहालय उभारलें आहे, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि मानपत्रें व छायाचित्रें जपलीं म्हणजे लेखकाचा इतिहास जपला असें नव्हे. प्रकाशकाचा हिशेब, कारखान्याशीं झालेला करार, शाळेचें वेतनपत्रक, लेखनिकाच्या हातची वही — कादंबरीच्या जन्माची साक्ष हेच कागद देतात, आणि घर बदलतांना रद्दींत प्रथम जातात तेहि हेच. दप्तरें हुडकण्यासाठीं वाडे पालथे घालणाऱ्या मंडळींनीं कोल्हापूरच्या लेखकांचीं हीं दप्तरेंहि वेळीच हुडकावीं. मिळालेला कागद वरील अनुमान खोटें पाडील तर तेंहि इष्टच होईल.