परत यायला गाव : ‘कोसला’चे एक घरगुती वाचन

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने प्रसिद्ध केली, तेव्हा लेखकाचे वय होते २५. त्यानंतरच्या साठ वर्षांत या कादंबरीवर जितके लिहिले गेले, तितके फार थोड्या मराठी पुस्तकांच्या वाट्याला आले असेल. तिच्यातील अस्तित्ववाद, तिची तिरकस भाषा, सॅलिंजरच्या कादंबरीशी तिचे असलेले-नसलेले नाते, सारे काही चघळून झाले आहे. मग या अंकात पुन्हा ‘कोसला’ कशाला, असे वाचकांनी विचारले तर तो प्रश्न रास्तच ठरेल. आमच्याजवळ त्याला उत्तर एवढेच की, या वेळी ती आम्ही एकट्याने वाचली नाही.

आमची नात नागपूरला वसतिगृहात राहून शिकते. गेल्या पोळ्याला ती मोहगावी आली, तेव्हा घरात कोणाशी फारसे बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सारे घर पांढुर्ण्याच्या गोटमारीच्या बातम्यांत गुंतलेले असताना ती माडीवर बसून मंडळाच्या ग्रंथालयातून आम्ही आणलेली ‘कोसला’ वाचत होती. दोन दिवसांत पुस्तक संपवून ती खाली आली आणि म्हणाली, “आबा, याला निदान परत यायला गाव तरी होतं.” तुलाही आहे की, असे म्हणण्यासाठी आम्ही तोंड उघडले, परंतु तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते वाक्य पुरे करण्याचा धीर झाला नाही. हा लेख त्या अर्धवट राहिलेल्या वाक्यातून निघाला आहे.

कथानक वाचकांना ठाऊक आहेच. खानदेशातील सांगवीचा पांडुरंग सांगवीकर हा खात्यापित्या घरचा, करारी वडिलांचा मुलगा. तो शिकायला पुण्यास जातो, वसतिगृहात राहतो, मित्र जमवतो, उधळपट्टी करतो, परीक्षांत अपयशी ठरतो आणि शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो. रूढ समीक्षेने या पांडुरंगाला बंडखोर ठरविले. पुढे १९८०च्या दशकात नेमाड्यांनी देशीवादाची मांडणी केली, तेव्हा त्याचे सांगवीला परतणे हे जणू त्या सिद्धान्ताचे पहिले पाऊल म्हणून वाचले जाऊ लागले. आम्हांला हे दोन्ही अर्थ ओढूनताणून आणलेले वाटतात. पंचविशीतील लेखकाच्या पुस्तकावर त्याच्याच प्रौढ वयातील विचारांचा अंगरखा चढविला, की आतला पोरगा दिसेनासा होतो. बंडखोराला आपण कशाविरुद्ध उभे आहोत हे ठाऊक असते. पांडुरंगाला ते ठाऊक नाही, आणि हे ठाऊक नसणे हाच त्याच्या एकटेपणाचा गाभा आहे.

हा एकटेपणा मोठा विलक्षण आहे. आपण एकलकोंडा विद्यार्थी म्हणतो तेव्हा खोलीचे दार लावून बसलेला मुलगा आपल्या डोळ्यांसमोर येतो. पांडुरंग तसा मुळीच नाही. तो माणसांत आहे, नको तितका आहे. तो वक्तृत्वाच्या फडात आहे, संमेलनाच्या धामधुमीत आहे, खाणावळीचा कारभारही तो अंगावर घेतो आणि त्यात पुरता नागवला जातो. इतरांच्या जेवणाचा हिशेब याच्या डोक्यावर, आणि तो भरून काढायला पैसे वडिलांचे. नेमाड्यांनी हा भाग विनोदी अंगाने लिहिला आहे. वाचताना आपण हसतोही. परंतु तरुणपणी आम्ही नुसतेच हसलो होतो. या खेपेला ध्यानात आले ते असे, की या साऱ्या उठाठेवीत पांडुरंग काय करतो आहे याची चौकशी करणारे पुण्यात कोणीच नाही. गर्दीत मिसळून गेलेल्या मुलाचे एकटेपण कोणाच्या लक्षात येत नाही, स्वतः त्याच्याही नाही. आज वसतिगृहातून घरी फोन येतो, मागे चार मैत्रिणींचा गलका ऐकू येतो, आणि आपण निश्चिंत होऊन फोन ठेवतो. हे लिहिताना आम्ही स्वतःलाच वगळू शकत नाही.

‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ या दोन शब्दांवरून पांडुरंगाची भाषा ओळखू येते. समीक्षकांनी त्यांना उपरोधाची हत्यारे म्हटले आहे. ते चूक नव्हे. मात्र आम्हांला त्यांत आणखी काही ऐकू येते. घरी परतलेल्या विद्यार्थ्याला विचारावे, कसे चालले आहे? तो म्हणतो, चालले आहे वगैरे. वाक्य पुरे केले तर खरे सांगावे लागेल, म्हणून ते अर्ध्यावर सोडून द्यायचे. ‘उदाहरणार्थ’ म्हणून एक गोष्ट सांगायची, म्हणजे मूळ गोष्ट सांगावी लागत नाही. ही शैली मुलाने आपल्याभोवती विणून घेतलेला कोश आहे, आणि कादंबरीचे नावही तेच सांगते. नेमाड्यांचे श्रेष्ठत्व आम्हांला येथे वाटते. २०१४ सालच्या ज्ञानपीठाने त्यांच्या एकूण कर्तृत्वाचा गौरव झाला, पण या एका युक्तीने त्यांनी जे साधले तेवढेही पुष्कळ होते.

कादंबरीच्या मध्यावर मनीचा मृत्यू येतो. पांडुरंगाची ही धाकटी बहीण देवीच्या साथीत जाते. भारतातून देवीचे उच्चाटन १९७५ मध्ये झाले, त्यामुळे आमच्या नातीला त्या रोगाची दहशत समजावून सांगावी लागली. पांडुरंगाचे दुःख मात्र तिला समजावून सांगावे लागले नाही. मराठी गद्यात शोकाची याहून अधिक अनावर पाने आम्ही वाचलेली नाहीत. येथे उपरोध गळून पडतो, भाषा उघडी होते. अजिंठ्याच्या लेण्यांतही ते दुःख त्याची पाठ सोडत नाही. विद्यार्थिदशेतील एकटेपणाविषयी या पुस्तकाला जे सांगायचे आहे, ते परीक्षांच्या प्रकरणांपेक्षा येथे अधिक आहे, असे आमचे मत आहे. घराबाहेर शिकणे म्हणजे घरात काही घडेल तेव्हा तेथे नसणे.

थोडे विषयांतर करतो. आपल्या जुन्या घरांत एक रीत आहे. मुलाची परीक्षा चालू असली की घरातील वाईट बातमी त्याला कळवायची नाही. आमच्या मोठ्या बहिणीचे निधन झाले तेव्हा आमच्या मुलाची परीक्षा सुरू होती. आम्ही कळविले नाही. आत्याने ज्याला अंगाखांद्यावर वाढविले, तो तेरवीनंतर घरी आला आणि तिच्या रिकाम्या खाटेसमोर उभा राहिला. पेपर त्याला चांगले गेले होते. त्याने आम्हांला तेव्हा काही म्हटले नाही आणि नंतरही कधी म्हटले नाही. मनीची पाने वाचताना आम्हांला ती खाट दिसत होती.

आता ‘कोसला’वरचा जुना आक्षेप. पांडुरंगाचे दुःख हे पोट भरलेल्याचे दुःख आहे, त्याच्या वडिलांकडे पैसा नसता तर हा एकटेपणा त्याला परवडला असता काय, असे विचारले जाते. हा आक्षेप मांडणारे बहुधा आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) पुढे करतात. कागलच्या गरीब कुळाचा थोरला मुलगा, शिक्षणाला विरोध करणारा बाप, गुरे, मोटा, पाणी पाजणे, आणि या सगळ्यातून शाळेपर्यंत पोहोचण्याची विलक्षण ओढ. पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना लाभलेल्या या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेथे परीक्षा हे भय नाही, परीक्षा हे दार आहे. पांडुरंग ज्या दारातून बाहेर पडतो, त्याच दाराबाहेर यादवांचा आनंदा उभा आहे.

तुलना खरी आहे. तिचा वापर मात्र खोटा होतो. आमच्या पिढीने ‘झोंबी’ची छडी केली. बघ, तो शेतात राबून शिकला आणि तुला खोली आहे, पंखा आहे, तरी जड जाते? ‘झोंबी’ ज्यांनी नीट वाचली आहे त्यांना ठाऊक आहे, की त्या पुस्तकात विजयाचा डंका नाही. बापाचा मार खाणारी, बाळंतपणांनी पिचलेली आई तेथे पानोपानी आहे आणि शिकणाऱ्या मुलाला तिच्याकडे पाहत पुढे जावे लागते. त्या मुलाचे एकटेपण पांडुरंगाहून कमी नाही, त्याला फक्त त्याचे नाव घ्यायला सवड नाही. एका पुस्तकातील दुःखाने दुसऱ्यातील दुःख खोडून काढण्याचा हा व्यवहार साहित्याच्या वाचकाला तरी शोभत नाही. आणि काळही बदलला आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या नोंदींनुसार २०२२ या एका वर्षात देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांत महाराष्ट्राचा क्रमांक पहिला होता आणि आपले मध्य प्रदेशही पहिल्या तीन राज्यांत होते. पंखा आहे, असे यापुढे कोणत्याही मुलाला ऐकविण्यापूर्वी आमची तरी जीभ अडखळेल.

‘कोसला’त उणिवा नाहीत असे नव्हे. आई, आजी आणि मनी सोडल्या तर स्त्रिया या पुस्तकात दुरूनच दिसतात. पांडुरंगाबरोबर शिकणाऱ्या मुली कशा राहत होत्या, त्यांच्यावर घरचा केवढा डोळा होता, त्यांना नापास होण्याची मुभा तरी होती काय, हे कादंबरी विचारीत नाही. नातीने हेच बोट ठेवले. अपयशी मुलगा गावी आला तर तो पारावर बसतो, मुलगी आली तर तिचे स्थळ पाहतात, असे ती म्हणाली. यावर आमच्या घरातील स्त्रियांनी एकमेकींकडे पाहिले, कोणी प्रतिवाद केला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या भागाची आहे. पांडुरंगाला पुण्यात परके वाटले तरी ते परकेपण मराठीच्या पोटातले होते, खानदेशी बोलीचे आणि पुणेरी भाषेचे. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी नागपूर हीच जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती. सौंसर-पांढुर्ण्याकडचे मूल १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात जाई तेव्हा ते आपल्याच प्रांतात असे. नकाशा बदलला, नागपूर तेवढ्याच अंतरावर राहिले आणि दुसऱ्या राज्यात गेले. २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला, सौंसर त्यात आले, तरी ही गाठ सुटलेली नाही. आमच्या मुलांचा अभ्यास हिंदीत, घर मराठीत. भोपाळ-इंदुरात त्यांना मराठी म्हणतात, नागपुरात त्यांच्या बोलण्यातले हिंदी वेचून दाखवतात. कोट्याच्या शिकवणी वर्गांत तर दोन्ही बाजूला ठेवून प्रश्नसंच सोडवायचे. रात्री अकराला एखाद्या मुलीला रडू आले तर ती ते कोणत्या भाषेत रडत असेल? या विद्यार्थ्याला मराठी कादंबरीच्या मध्यभागी बसलेला आम्ही अद्याप पाहिलेला नाही. पुण्या-मुंबईच्या लेखकांकडून ती अपेक्षा करणे गैर आहे. ते लिहायला येथलाच कोणी हवा, आणि मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत आम्ही मुलांना विषय देतो ते ‘माझा आवडता ऋतू’!

आता नातीच्या वाक्याकडे. पांडुरंगाला परत यायला गाव होते, हे खरे. परंतु ते गाव त्याला कवटाळत नाही. वडिलांची नाराजी आहे, रिकामटेकड्यांची संगत आहे, गावाचा रटाळपणा आहे. कादंबरी या परतण्याला पराभव म्हणत नाही आणि विजयही म्हणत नाही. ती त्याला फक्त घरात घेते. ताट वाढले जाते. आम्ही तरुणपणी या शेवटाला कमकुवत म्हटले होते, मंडळाच्या एका बैठकीत तसे ठासून बोललोही होतो. ते मत आज मागे घेतो.

नातीला म्हणायचे होते ते निराळे. तिच्या शिक्षणासाठी संत्र्याच्या बागेचा एक तुकडा गेला, हे तिला ठाऊक आहे. तिला ते कोणी सांगितले नव्हते, तिने ते ओळखले. पांडुरंगाच्या वडिलांनी पैसे दिले आणि बोल लावले, तरी सांगवीची जमीन जागेवर होती. आमच्याकडे बोल कोणी लावला नाही, पण ज्या बांधावरून ती लहानपणी धावली तो बांध आता दुसऱ्याचा आहे. तेव्हा परत यायचे ते नेमके कोठे, असे ती विचारीत होती. ‘तुलाही आहे की’ हे वाक्य म्हणूनच आमच्या तोंडून पुरे होईना.

सुटी संपली तेव्हा तिने पुस्तक बरोबर नेण्याची परवानगी मागितली. प्रत ग्रंथालयाची आहे, मुदत केव्हाच उलटली. कार्यवाहांनी दोनदा आठवण केली. दंड आम्ही भरला आहे. परवा तिचा फोन आला. अर्ध्या तासात तिने एकदाही ‘चाललं आहे’ म्हटले नाही. पेपर अवघड जाणार म्हणाली, खाणावळीतील भाजीला शिव्या दिल्या, आणि मग आत्याआजी गेली तेव्हा बाबांना का कळवले नाही, असे विचारले. आम्ही सांगितले.