पेल्याची आतली बाजू

'स्मृतिचित्रे'वर आता नवे काय लिहिणार, असे गेल्या वर्षी एका परिचित प्राध्यापकांनी मला विचारले. प्रश्न रास्त होता. विनोद, बायकी बोलीतले अस्सल गद्य, स्त्रीचे आत्मकथन, स्वयंपाकघरातून दिसलेला कवी, अशा सगळ्या बाजूंनी हे पुस्तक पिंजून झाले आहे. धर्माच्या बाजूने मात्र आपली समीक्षा दोन वाक्यांत आटोपते. १८९५ साली नवरा ख्रिस्ती झाला, बायको झगडली, १९०० साली तिनेही बाप्तिस्मा घेतला. जणू धर्मांतर हा कथानकातला एक पेच होता, आणि तो सुटल्यावर राहिला तो संसार.

माझे म्हणणे वेगळे आहे. पहिल्या प्रकरणापासून शेवटपर्यंत या पुस्तकाचा विषय एकच आहे: माणूस स्वच्छ कशाने होतो? डोंगरावरच्या प्रवचनात येशूने शुद्ध अंतःकरणाच्या माणसांना देवदर्शनाचे आश्वासन दिले, त्यावरचे मराठीतले सर्वात चांगले भाष्य मला या पुस्तकात सापडते. बाईंनी ते भाष्य म्हणून लिहिले नाही, ही गोष्ट वेगळी. मी स्वतः ख्रिस्ती नाही. बायबल वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या कोपऱ्यात बसून, कोणी न शिकवता. चुकत असेन तर जाणकारांनी सांगावे.

आरंभ आठवा. मनू गोखले, म्हणजे पुढच्या लक्ष्मीबाई, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. वडिलांच्या डोक्यात सोवळ्याने घर केलेले. त्यांच्या सासऱ्यांना १८५७च्या धामधुमीत फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर हे वेड जडले, असे लेक सांगते. बाजारातून आलेला जिन्नस धुतल्यावाचून घरात येत नाही, लेकरांना मोकळे शिवता-खेळता येत नाही, आणि आईचा जन्म पाणी ओतण्यात जातो. हे सगळे इतके हसत सांगितले आहे की वाचणारा हसतो आणि पुढे जातो. मला तिथे पुढे जाता येत नाही. माझी आजी वाळत घातलेले सोवळे काठीने उतरवत असे, आणि शाळेतून आलेली मी दारात उभी राहून ते बघत असे. तिचे हात स्वच्छ होते यात शंका नाही. पण शेजारणीबद्दल ती जे बोले ते ऐकून मला तेव्हाही वाटायचे, हे पाणी नेमके कुठपर्यंत पोचते?

जलालपूरचा तो विटाळ घरापुरता होता. त्याला सार्वजनिक रूप आले ते १८९०च्या ऑक्टोबरात. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांना चहा-बिस्किटे दिली गेली. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेला हाती धरून ठेवून दिला असे सांगतात. हजर राहिलेल्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आली आणि न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक या दोघांनाही प्रायश्चित्ताच्या प्रश्नातून जावे लागले. एवढी विद्वान मंडळी आणि वाद पेल्याचा! आज आपल्याला हसू येते, पण तेव्हा त्या पेल्यावरून माणसे वाळीत पडत होती. पाचच वर्षांनी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो कोणत्या हवेत घेतला, हे कळायला पंचहौदचा चहा आठवावा लागतो.

योगायोग असा की येशूचा शास्त्र्यांशी आणि परूशांशी झालेला मोठा वादही भांड्यांवरूनच आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात हात धुणे, पेले, घागरी, तांब्याची भांडी अशी यादीच येते. मराठी बाईला ती परकी वाटायचे कारण नाही. येशूचे उत्तर थोडक्यात असे, की बाहेरून पोटात जाते त्याने माणूस विटाळत नाही; आतून, मनातून निघते त्याने विटाळतो. मत्तयमध्ये तोच पेला पुन्हा येतो, बाहेरून घासलेला आणि आत लोभाने भरलेला.

इथे शब्दांकडे थोडे बघू. मूळ ग्रीक शब्द 'कथारोस' धुतलेल्या कपड्याला चालतो, पाखडलेल्या धान्याला चालतो आणि भेसळ नसलेल्या धातूलाही चालतो. म्हणजे डाग नसणे आणि मिसळ नसणे हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. आपल्या 'शुद्ध'मध्येही ते आहेत, शुद्ध तूप आपण म्हणतोच. पण व्यवहारात पहिल्या अर्थाने दुसऱ्याला झाकून टाकले आहे. उलट 'हृदय' न म्हणता 'अंतःकरण' म्हणणाऱ्या मराठी भाषांतरकारांचे मला कौतुक वाटते. ग्रीक 'कार्दिया' ही नुसती भावनेची जागा नाही, तिथे विचार आणि निश्चयही राहतात. मन, बुद्धी, चित्त, अहंकार यांना एकत्र धरणारा आपला जुना शब्द तिथे चपखल बसतो. वेदान्ताचा वास येतो म्हणून काहींनी नाक मुरडले असेल, मुरडू द्यावे.

आता लक्ष्मीबाईंकडे परत. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर काही काळ त्या नातलगांच्या आश्रयाने राहिल्या. पुढे नवऱ्याच्या गावी आल्या, तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. वडिलांच्या सोवळ्याचा जिला जाच झाला, तीच बाई आता त्या सोवळ्याचा आधार घेते, कारण नवरा गेला, माहेर दूर, तेव्हा हातात तेवढेच उरले होते. आणि मग एकदा एकटीच विचार करत असताना तिच्या मनातली जात गळून पडते. तिथे पाद्री नाही, प्रवचन नाही. बाईची साधी तर्कबुद्धी आहे: देवाने माणसे केली, जाती त्यांच्या त्यांनी केल्या. त्यानंतर ती कोणाच्याही हातचे पाणी प्यायला तयार होते.

क्रम बघा. आधी पाणी, मग बाप्तिस्मा. समीक्षकांनी या प्रसंगाला धर्मांतराची पूर्वतयारी म्हटले आहे. मला तर हाच गाभा वाटतो. बाप्तिस्मा म्हणजेही पाण्याने धुणेच. वडिलांचे पाणी आणि चर्चचे पाणी यांत फरक काय, हा प्रश्न या बाईला पडलेला नसेल हे मला पटत नाही. त्याचे उत्तर ती तत्त्वज्ञानाने देत नाही. पुढची शेकडो पाने ती कोणाला जेवू घातले, कोणावर चिडले, कोणाशी खोटे बोलले आणि मग काय फजिती झाली ते सांगत बसते.

याच ठिकाणी टिळकांचे अभंग आणि बाईंचे गद्य शेजारी ठेवावेत. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, आणि 'अभंगांजली'त ती वाट दिसते. शुद्ध हृदयाची मागणी तिथे आर्त आहे, सुंदर आहे. पण मागणी ती मागणीच. मागणी करणारा माणूस सकाळी उठून कसा वागतो, हे बायको सांगते: तापट, विसराळू, हातचे देऊन मोकळा होणारा, आणि तरीही मनात किल्मिष न ठेवणारा. स्वतःलाही ती सोडत नाही. आपला हेवा, आपला हट्ट, आपली भीती ती चारचौघांत झाडून दाखवते आणि वर हसते. पश्चात्तापाचे अश्रू मराठी ख्रिस्ती वाङ्मयात बाबा पदमनजींपासून पुष्कळ आहेत. स्वतःच्या क्षुद्रपणाला हसणे दुर्मीळ आहे. माझ्या मते भेसळ नसलेल्या मनाची ती जास्त भरवशाची खूण आहे, कारण रडताना माणसाचे थोडे लक्ष आरशाकडे असू शकते.

जॉन कॅसियन हा चौथ्या-पाचव्या शतकातला संन्यासी. इजिप्तच्या वाळवंटातल्या मुनींशी झालेले संवाद त्याने लिहून ठेवले. पहिल्याच संवादात मोझेस नावाचे वडीलधारे सांगतात, की उपास, जागरण, वाचन ही नुसती अवजारे आहेत. साधायचे आहे ते शुद्ध अंतःकरण. आणि मग दाखला येतो. सोन्याच्या राशी, मोठाल्या जमिनी सोडून आलेले लोक पुढे एका चाकूसाठी, सुईसाठी, लेखणीसाठी चिडतात. काही जण आपली पोथी अशी कवटाळून बसतात की दुसऱ्याला तिला हात लावू देत नाहीत.

पंडिता रमाबाईंचा अनुभव याच जातीचा आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला पण ख्रिस्त सापडला नाही. इतकी प्रखर विदुषी हे स्वतःविषयी लिहून ठेवते! पुढे केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना समजावे म्हणून त्यांनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल उतरवायला घेतले. त्या १९२२ मध्ये गेल्या. बायबल छापून झाले ते त्यांच्यामागे, १९२४ मध्ये. रमाबाई जन्मभर शाकाहारी राहिल्या. जुने ताट सोडले नाही म्हणून अंतःकरण अडले, असे त्यांच्याबाबत कोणी म्हणू शकणार नाही. तेव्हा लक्ष्मीबाईंचा क्रम हा नियम करू नये, हेही मला मान्य केले पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. बाईंनी जात टाकली तरी त्यांच्या गद्यात ब्राह्मण घरातली नजर उरते. अहमदनगर भागातल्या मंडळ्यांत बहुसंख्य होते ते महार-मांग घरांतून आलेले लोक. त्यांनी सोवळे सोडायचा प्रश्नच नव्हता, ते सोवळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे होते. विटाळ पाळणाऱ्याचे अंतःकरण कसे धुतले जाते, हे 'स्मृतिचित्रे' सांगते. ज्याला विटाळ म्हणूनच वागवले त्याच्या मनातली जळजळ कशी निवते, हे ती सांगत नाही. त्या बाजूने लिहिलेले आत्मकथन याच ताकदीचे हवे होते. मी शोधते आहे.

कॅसियनची ती पोथी मात्र माझ्या मानेवर बसली आहे. फादर स्टीफन्सच्या 'क्रिस्तपुराणा'च्या १९०७च्या मंगळूर आवृत्तीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. तिच्यासाठी मी एका उन्हाळ्यात तीन गावे फिरले, पगाराविना. दोन वर्षांपूर्वी एक विद्यार्थिनी ती मागायला घरी आली. मी तिला चहा दिला, बिस्किटे दिली, आणि फाइल बाइंडिंगला गेली आहे असे सांगितले. फाइल पलीकडच्या खोलीत होती. मुलगी पेला स्वतः विसळून ठेवून गेली.

त्या झेरॉक्सची शाई आता उडत चालली आहे. गणपतीनंतर कोपऱ्यावरच्या दुकानात प्रती काढायला दिल्या, दोन. मुलीचा नंबर डायरीत आहे. तो बदलला नसावा.