फाइल अपलोडचे नेहमीचे उदाहरण : चालते, पण कुठवर?

जावा वेब प्रोग्रॅमिंगच्या अनेक प्रात्यक्षिक-पुस्तिकांत फाइल अपलोडचे एकच उदाहरण वर्षानुवर्षे फिरते आहे. सर्व्हलेटला मल्टिपार्ट-कॉन्फिग हे ॲनोटेशन लावायचे, गेट-पार्टने फाइल घ्यायची, गेट-रिअल-पाथने ॲप्लिकेशनमधल्याच ‘अपलोड्स’ फोल्डरचा पाथ काढायचा आणि वापरकर्त्याच्या मूळ नावानेच फाइल तिथे लिहायची. प्रोग्रॅम चालतो, प्रात्यक्षिकाचे गुणही मिळतात. २००९ च्या सर्व्हलेट ३.० पासून यासाठी वेगळी लायब्ररी लागत नाही, ही सोय मोठीच. आक्षेप शेवटच्या दोन पायऱ्यांवर आहे.

आधी जागा पाहू. टॉमकॅट सहसा वॉर फाइल उलगडून फोल्डर बनवतो. नवी वॉर टाकली की जुने फोल्डर काढून नवे तयार होते आणि त्यातल्या अपलोड झालेल्या फाइल्स जातात. वॉर न उलगडता चालवली, तर गेट-रिअल-पाथ नल देतो. पण याहून गंभीर गोष्ट अशी की त्या फोल्डरमधले सारे काही यूआरएलने मागता येते. कोणी फोटोऐवजी जेएसपी फाइल चढवली आणि तिचा यूआरएल उघडला, तर सर्व्हर ती कंपाइल करून चालवतो. म्हणजे परक्याचा कोड आपल्या सर्व्हरवर! पुस्तिकांत याबद्दल सहसा एक ओळही नसते.

आता नाव. दोघांनी ‘फोटो.जेपीजी’ पाठवली की पहिल्याची फाइल गेली. शिवाय नाव ब्राउझरकडून येते, म्हणजे पाठवणारा त्यात ‘../’ घालून दुसऱ्याच फोल्डरकडे वाट काढू शकतो. हा केवळ पुस्तकी धोका नव्हे. डिसेंबर २०२३ मध्ये स्ट्रट्स २ च्या अपलोडमध्ये याच जातीचा दोष (सीव्हीई-२०२३-५०१६४) जाहीर झाला. कंटेंट-टाइपही पाठवणाऱ्याचाच दावा असतो. तो तपासून फाइल सुरक्षित ठरत नाही.

दुरुस्तीला फार ओळी लागत नाहीत. फोल्डर ॲप्लिकेशनबाहेर ठेवून त्याचा पाथ कॉन्फिगरेशनमधून घ्यावा. डिस्कवरचे नाव यूयूआयडीने तयार करावे, मूळ नाव डेटाबेसच्या रकान्यात जावे. फाइल परत देताना लॉगिन व हक्क तपासणारा वेगळा सर्व्हलेट असावा. (काही पुस्तिका फाइल थेट ब्लॉबमध्ये ठेवतात. छोट्या प्रमाणपत्रांना ते ठीक, पण व्हिडिओ आले की बॅकअप फुगतो.) आणि मॅक्स-फाइल-साइज स्वतः लिहावेच, त्याची मूळ किंमत -१ असते, म्हणजे मर्यादाच नाही.