पडदे नसलेला बास

स्वस्त इलेक्ट्रिक अपराइट बास विकताना एक दावा हमखास केला जातो: बास गिटार येत असेल तर हे वाद्य सहज जमेल. दावा अर्धा खरा आहे. चारही तारा त्याच, ई-ए-डी-जी. दोन तारांमधलं अंतर तेच. त्यामुळे कुठला सूर कुठल्या तारेवर आहे, हे डोक्याला आधीच माहीत असतं. प्रश्न हातांचा आहे.

एका मित्राचं असं वाद्य महिनाभर माझ्या फ्लॅटमध्ये होतं. मी सॉफ्टवेअरवाला, म्हणून आधी टेप काढली. बास गिटारवर तारेची वाजती लांबी साधारण ३४ इंच असते, अपराइटवर ४१-४२. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, बोटांना वाटत नाही. मोकळ्या तारेपासून पहिला अर्धसूर गिटारवर १.९ इंचांवर येतो, अपराइटवर २.३ इंचांच्या पुढे. 'एका फ्रेटला एक बोट' या गिटारच्या सवयीने खालच्या भागात चार बोटं पसरायची, तर गिटारवर पाच इंच लागतात, इथे सव्वासहा. मनगटाशी भांडण ठरलेलंच. म्हणून डबल बास वाजवणारे तिथे पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरतात. तिसरं नुसतं चौथ्याला टेकू देतं. एकोणिसाव्या शतकातल्या फ्रांत्स सिमांडलच्या पुस्तकातून ही पद्धत जगभर शिकवली गेली. म्हणजे गिटारवरची सगळ्यात भिनलेली सवय इथे पहिल्याच दिवशी सोडावी लागते.

दुसरी गोष्ट पडद्यांची. लिओ फेंडरने १९५१मध्ये बाजारात आणलेल्या बासचं नाव 'प्रिसिजन' होतं, कारण फ्रेटमुळे सूर नेमका लागण्याची हमी मिळत होती. ही हमी आपल्याला पेटीवरून ओळखीची आहे: पट्टी दाबली की सूर तयार. अपराइट हे गळ्यासारखं आहे. सूर आधी कानात हवा, मग बोटात. काही स्वस्त वाद्यांच्या मानेवर मदतीला ठिपके असतात, पण ठिपक्याच्या आसपास बोट ठेवणं आणि सूर लागणं यात बरंच अंतर आहे. डबल बासवर मान जिथे खोडाला मिळते तिथला बाक अंगठ्याला लागतो, आणि हात कुठे पोचला ते कळतं. काठीसारख्या सडपातळ इलेक्ट्रिक वाद्यात ही खूण अनेकदा नीट जाणवत नाही. याला माझा उपाय साधा: फोनवर तानपुऱ्याचं अॅप लावायचं, पांढरी सहा. मोकळी ए तार म्हणजे सा. मग डी तारेवर पंचम शोधत बसायचं. सूर किंचित जरी हलला तरी तानपुरा चुगली करतो.

आता आवाज. इथे समीक्षेत एक घोळ नेहमी होतो: या वाद्याला 'डबल बाससारखं वाजत नाही' म्हणून नापास करतात. ते तसं वाजणारच नाही. डबल बासची पोकळ पेटी तारेची ऊर्जा घेते आणि हवेत सोडते. म्हणून त्याचा सूर धप्पकन उमटतो आणि लवकर विरतो. भरीव लाकडात तार ती ऊर्जा जपून खर्च करते. सूर लांबतो, गुणगुणतो, आणि फ्रेट नसलेल्या बास गिटारच्या जवळ जातो. अॅम्पेग कंपनीचा 'बेबी बास' १९६०च्या दशकात असाच आला. जॅझवाल्यांना तो डबल बासची बदली म्हणून फारसा पटला नाही. साल्साने मात्र त्याचा बोथट ठोका आपला मानला, आणि आज त्या संगीतात तोच अस्सल आवाज समजला जातो. वाद्य तेच राहिलं, त्याच्याकडून असलेली अपेक्षा बदलली.

मग स्वस्तपणा कुठे टोचतो? लाकडात कमी, जुळणीत जास्त. माझ्याकडच्या वाद्यात तारा मानेपासून इतक्या उंच होत्या की दहा मिनिटांत बोटं थकायची. ब्रिज खाली घेतल्यावर वाद्य माणसात आलं. मूळच्या तारा बदलल्यावर खर्जाला गोलाई आली. ब्रिजखालचा पिझो पिकअप बोटाची प्रत्येक खरखर पकडत होता. अॅम्पवर वरच्या पट्ट्या थोड्या कापाव्या लागल्या. स्टँड डगमगत असेल तर डावा हात सूर शोधण्याऐवजी वाद्य सावरत बसतो. म्हणून किंमत बघताना तारा आणि जुळणी यांचे पैसे आधीच धरा. परदेशात काही शे डॉलरला दिसणारं वाद्य इथे पोचेपर्यंत त्यावर वाहतूक आणि कस्टम्सही चढते.

डबल बास शिकायचाच असेल आणि गुरू मिळत असेल, तर भाड्याने का होईना, लाकडीच घ्या. धनुष्य धरायला आणि पेटीची थरथर अंगाला जाणवायला पर्याय नाही. नवा आवाज झटपट हवा असेल, तर फ्रेट नसलेली बास गिटार पुरेल आणि लोकलमध्येही मावेल. पण जाड भिंती नसलेल्या फ्लॅटमध्ये, रात्री अकरा वाजता, हेडफोन लावून स्वतःचा कान तपासायचा असेल, तर हे स्वस्त वाद्य पैसे वसूल करतं. महिन्याअखेरीस मी पुन्हा बास गिटार हातात घेतली, तेव्हा बोटं फ्रेटवर पडण्याआधी सूर कानात येत होता. 'सहज जमेल' हा दावा त्यांनी मागे घ्यावा. हे सहज जमत नाही, आणि घेण्यासारखं आहे ते त्याचसाठी.