भरदिवसा निघालेली सोंगं

बोहाडा हा सोंगांचा उत्सव रात्रीचा. जव्हार-मोखाड्याच्या गावांत संबळ घुमू लागला, पिपाणी सुरू झाली, की टेंभ्यांच्या उजेडात एकेक सोंग नाचत पुढे येतं: गणपती, शारदा, रावण, आणि शेवटाकडे देवी-महिषासुराची झुंज. मुखवटा घालणारा शेजारचाच असतो. संध्याकाळी त्याच्याशी उधारीवरून बोलाचाली झालेली असते. तरी टेंभा हलला, रंगवलेल्या डोळ्यांवरून सावली सरकली, की लहान पोरं आईच्या पदराआड जातात. निम्मं काम मुखवटा करतो, निम्मं अंधार.

हा अंधार काढून घेतला तर काय उरतं? गौरी गिल या दिल्लीच्या छायाचित्रकर्तीची ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ ही चित्रमाला पाहताना हा प्रश्न पडतो. या मालेचं काम 2015 मध्ये सुरू झालं. कागदाच्या लगद्याचे मुखवटे घडवणाऱ्या कोकणा समाजातल्या सुभाष आणि भगवान धर्मा कडू या भावांना गिल यांनी विनंती केली, की या वेळी देव-दानव नकोत, आजच्या जगण्याचे मुखवटे करा. मग माणसांचे चेहरे झाले, त्यांवर निरनिराळे भाव आले. प्राणी-पक्षी झाले, रोजच्या वापरातल्या वस्तू झाल्या. ते चढवून गावातलीच माणसं, मुखवटे करणारेही त्यांत आले, आपापल्या घरात, कामाच्या जागी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. ही चित्रं 2017 मध्ये ‘डॉक्युमेंटा 14’ या प्रदर्शनात आणि 2018 मध्ये न्यूयॉर्कच्या ‘मोमा पीएस 1’मध्ये लागली.

सगळी सोंगं भरदिवसा निघालेली, आणि म्हणूनच ती अधिक अंगावर येतात. मुखवट्याखाली अंग रोजचंच आहे. धुऊन धुऊन विटलेली साडी, चपलेतली भेगाळलेली टाच, कामाने राठ झालेले हात, आणि त्यावर डोकं जनावराचं. नजर आधी डोक्याकडे जाते, मग हळूहळू हातांवर येऊन थांबते. जिथे हात बोलतात तिथे चित्र पाठ सोडत नाही. जिथे मुखवटाच गोजिरवाणा झाला आणि माणूस त्याचा खुंटा उरला, तिथे मात्र मला ती निव्वळ गंमत वाटते. अशी चित्रंही या मालिकेत आहेत, आणि परदेशी प्रेक्षकाला कदाचित तीच पटकन आवडत असतील.

अशा कामाला अतिवास्तववादी म्हणण्याची आपल्याला घाई असते. आंद्रे ब्रेताँचा जाहीरनामा 1924 चा. स्वप्न आणि जाग यांतली भिंत पाडायला त्या मंडळींना जाहीरनामा काढावा लागला. बोहाड्यात ती भिंत कधी फार उंच नव्हतीच.

शेजारच्या डहाणूत वारली चित्रकलेचंही मूळ असंच आहे. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (1934–2018) यांची आई ते लहान असतानाच गेली. मुलाने बोलणं सोडलं. सांगायचं ते तो मातीत रेघा ओढून सांगू लागला. लग्नाचा चौक लिहिणं हे तोवर सवाशिणींचं काम. म्हसे त्या रेघा घेऊन कागदावर आले, 1976 मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि 2011 मध्ये पद्मश्रीपर्यंत पोचले. त्यांच्या मोठ्या चित्रांत रिकामी जागा सापडत नाही. माशांचं जाळं सगळा कागद व्यापतं, मुंग्यांच्या रांगा लागतात, शांत म्हणावा असा कोपराच नसतो. चौकातला पाच शिरांचा देवही तसा सोज्वळ नाही. भीती या कलेच्या हाडातच आहे.

आज संगणकावर जी वारली चित्रं फिरतात, त्यांतून नेमकी ही भीतीच गेली आहे. तयार आकृत्यांच्या फायली मिळतात: तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर, दोन झोपड्या, एक ताडाचं झाड. हव्या त्या मापात ओढा, कपावर छापा, सोसायटीच्या भिंतीला चिकटवा. हातात ब्रश आहे की टॅबलेटची लेखणी, यावर माझा आक्षेप नाही. म्हसे यांनीही शेण-मातीची भिंत सोडून कागद-कापड घेतलंच होतं. आक्षेप आहे तो चित्रातली माणसं कायम नाचत राहण्यावर. 2014 मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने नाव राखलं जाईल. चित्रात काय यावं, हे मानांकन कसं ठरवणार?

यायला पुष्कळ आहे. दिवाळीनंतर बिऱ्हाड बांधून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जगायला जाणारी कुटुंबं आणि मागे कुलूप लागलेली घरं. मोखाड्यात मध्य वैतरणा धरण, त्याचं पाणी मुंबईला, आणि त्याच तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत मांडलेले हंडे. 1992-93 मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने गेलेली मुलं. ज्याने हे घरात पाहिलं आहे, त्याला वेगळं ‘गूढ’ शोधायला जावं लागणार नाही. गंजाडचेच राजेश वांगड आणि गिल यांनी 2013 पासून ‘फील्ड्स ऑफ साइट’मध्ये याची एक वाट दाखवली. कृष्णधवल छायाचित्रात आजचा उजाड माळ, आणि त्यावर वांगडांनी शाईने बारीक रेषेत भरलेलं, कॅमेऱ्याला न दिसलेलं सगळं. फोटो वर्तमानाचा, रेषा आठवणीची. दोन्हींचं पटत नाही, आणि त्या न पटण्यातच चित्राचा जीव आहे.

तिथे दोघांची नावं जोडीने येतात. ‘अ‍ॅक्ट्स ऑफ अपिअरन्स’ मात्र गिल यांच्या नावाने ओळखली जाते; कडू बंधूंचा उल्लेख सोबतच्या मजकुरात असतो. गिल यांनी तो कधी लपवलेला नाही, हे खरं. तरी कलाबाजार मजकुराला भाव देत नाही, सहीला देतो. जव्हारच्या पोरांच्या हातात आता मोबाइल आहे, त्यावर चित्र जुळवायची सोयही आहे. त्यांनी आपल्या बापाचा मुखवटा, आपल्या घराचं कुलूप आणि आपली सही एकाच चौकटीत आणली, तर समीक्षकांना गंजाड ओलांडून घाट चढावा लागेल. सध्या त्यांतली बरीचशी लग्नाच्या बॅनरवर तारप्याचा फेर चिकटवताहेत, कारण त्याचे पैसे त्याच दिवशी मिळतात.